टाकीत कणीक टाकू नये

माझ्या दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक पाटी दिसते : 'टाकीत कणीक टाकू नये.' ती मीच रंगवून घेतली आहे. पुण्यामुंबईकडचं गिऱ्हाईक ती वाचून हसतं. नांदेडचं हसत नाही. त्याच्या घरात कोणी ना कोणी गोदावरीत कणकेच्या गोळ्या टाकून पुण्य जोडलेलं असतं, आणि तेच पुण्य आता घरबसल्या काचेच्या टाकीत जोडता येईल असं त्याला मनातून वाटत असतं. नदीला ते चालतं, कारण नदी वाहते. टाकी वाहत नाही, एवढी साधी गोष्ट लोकांना पटवण्यात माझा निम्मा जन्म गेला.

मी रंगीत मासे विकते. आधी यांचं वह्यापुस्तकांचं दुकान होतं. जून-जुलै सोडला तर वर्षभर माशा मारायच्या. कोपऱ्यात एक टाकी ठेवू का म्हणून विचारलं तर हे म्हणाले, "ठेव. माशा मारण्यापेक्षा मासे पाळलेले बरे." एका टाकीच्या चार झाल्या आणि वह्या हळूहळू माळ्यावर गेल्या. आम्ही घरचे शाकाहारी. सासूबाई होत्या तोपर्यंत दुकानातून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय मला स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नसे. आणि बाहेर सगळ्या गल्लीत मी 'मासेवाल्या बाई'. अजूनही कोणीतरी फोन करून रोहूचा भाव विचारतोच. मीही कधी कधी चेष्टेनं सांगून टाकते.

घरच्या टाकीत कोणते मासे एकत्र ठेवावेत ते लिहा, असा मासिकाकडून निरोप आला. तर ते आधी सांगून टाकते. रंग शेवटी बघायचा. आधी तोंड बघायचं. ज्याच्या तोंडात दुसरा मावतो तो आज ना उद्या त्याला खाणारच, त्यात त्याचा काही दोष नाही. मग स्वभाव. टायगर बार्ब पट्ट्यापट्ट्यांचा, मोठा देखणा. पण लांब झुळझुळीत पर दिसले की त्याच्याच्यानं राहवत नाही, कुरतडतो. त्याच्या शेजारी एंजल ठेवला तर एंजलची लक्तरं होतात. मग कोण वर पोहतो, कोण मधे, कोण तळाशी, ते बघायचं. तिन्ही मजल्यांवर बिऱ्हाडं असली की भांडणं कमी होतात. घोळक्यात राहणारा मासा एकटा आणू नये, तो झुरतो. आणि पाणी. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, बादलीला पांढरा थर धरतं, डाळ शिजता शिजत नाही. त्यात निऑनसारखा नाजूक मासा कसेबसे दिवस काढतो. मोली, प्लॅटी, सोर्डटेल मात्र माहेरी आल्यासारखे राहतात.

लातूरला टाक्या लावायला जाते तेव्हा तिथं वेगळीच पंचाईत. मी म्हणते, आठवड्याला थोडं थोडं पाणी बदला. समोरचा माणूस माझ्याकडं बघतच राहतो. "ताई, आमच्या नळाला आठवड्याला पाणी येईना गेलंय. माशाला कुठून आणू?" त्यांना मी टाकी मोठी देते, मासे कमी देते, आणि काढलेलं पाणी कुंड्यांना घालायला सांगते. पुढच्या खेपेला मला माशांच्या आधी मोगरा दाखवतात.

नमुने काय कमी भेटले? रेणापूरहून एक बाई सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आल्या होत्या, त्याला मिळताजुळता मासा पाहिजे म्हणून. मुदखेडच्या एका लग्नात टेबलाटेबलावर काचेच्या पेल्यात एकेक मासा ठेवायचा होता. त्या केटरर्सवाल्याला मी म्हणाले, पेल्यात मठ्ठा ठेव, पाहुणे दुवा देतील. आठ सोनेरी आणि एक काळा असा वास्तूचा हिशोब घेऊन येणारे तर रोजचेच. या सगळ्यांना मी सरळ करत असे, आणि आपल्याला या धंद्यातलं सगळं कळतं अशी माझी समजूत होती. गिऱ्हाईकाला विचारायचा एक प्रश्न मात्र मला आण्णांच्या घरी कळला, आणि तो कळेपर्यंत जिवाचं पाणी पाणी झालं.

विजयराव पहिल्यांदा आले ते उन्हाळ्याच्या शेवटी. विमा कंपनीत नोकरी, कामाची निम्मी धावपळ लातूरला, बोलणं मऊ. म्हणाले, "ताई, आमचे आण्णा रिटायर हेडमास्तर. हिमायतनगरला होते, आता आमच्याकडंच असतात. रोज सकाळी घाटावर जाऊन मासोळ्यांना कणीक टाकायची त्यांची सवय. आता वय झालं, पायऱ्या चढवत न्हाईत. म्हटलं, नदीच घरी आणावी."

मला ते फार आवडलं. मी त्यांना पाटी दाखवली, कणकेचं सगळं पुराण ऐकवलं, ते मान डोलवत राहिले. मन लावून मासे निवडून दिले : काळ्या मोली, पिवळ्या प्लॅटी, तळाला दोन-चार मिशीवाले कॅटफिश, त्यांचा जीव अडकला म्हणून एंजलची जोडी, आणि एक तांबडालाल सोर्डटेल, शेपटीला तलवारीसारखं टोक असलेला.

टाकी लावायला मी स्वतः गेले. टाक्या वाहून नेणारे आमचे गफारभाई रिक्षावाले बरोबर होते. आण्णा पांढऱ्या शर्टात, दाढी घोटून खुर्चीत बसले होते. मासे सोडल्यावर ते उठले, काचेजवळ आले आणि बोटानं एकेकाकडं दाखवून हजेरी घ्यायला लागले. नावंही जागच्या जागी पाडली. काळ्या, पिवळ्या, मिशाळ, आणि लाल सोर्डटेल तो तांबड्या. मला म्हणाले, "बाई, वर्ग चांगला आहे. तांबड्या जरा व्रात्य दिसतो." विजयरावांच्या बायको ज्योती दारात उभ्या होत्या. त्या शाळेत शिकवतात. सासरे हसले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मासे बघून इतकं काय रडायचं, असं मला तेव्हा वाटलं.

पावसाळा लागल्यावर विजयरावांचा फोन आला. आवाज मऊ राहिला नव्हता. "तुमचे मासे मरून राहिलेत. दोन्ही एंजल गेले. आजारी माल दिला का आम्हाला?"

माझं डोकं फिरलं. माझ्या मालाला कोणी नावं ठेवली की मला सहन होत नाही. तशीच गेले. टाकी बघितली. पाणी ताक ओतल्यासारखं पांढरं. मासे सगळे वर आलेले, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होते. तळाच्या खड्यांत मी हात घातला तर बोटाला चिकट लगदा लागला.

"कणीक," मी म्हणाले.

"कोणी टाकली न्हाई," विजयराव म्हणाले. "आण्णांना सांगितलंय. सकाळी तुमचं ते दाणेदार खाद्य टाकतात, तेवढंच."

आमची तिथं चांगलीच जुंपली. ते माझ्या माशांना रोगट म्हणत होते, मी त्यांच्या घराला. एवढ्यात आण्णा आतून आले. मूठ बंद. आम्ही दोघं भांडतोय याची त्यांना खबरही नव्हती. झाकण उचललं, मूठ उघडली, गोळी पाण्यात सोडली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बघा ना बाई, किती उपाशी आहेत. कसे तोंड उघडून मागतात. या घरात कोणी त्यांना खायला घालत नाही." मग आत गेले. थोड्या वेळानं पुन्हा आले, मूठ बंद, आणि मला पहिल्यांदाच बघितल्यासारखा नमस्कार केला. "या बाई, कधी आलात? बघा ना, किती उपाशी आहेत."

मी विजयरावांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

बाहेरच्या माणसाला हे कळावं म्हणून सांगते. टाकीत खाणं उरलं की कुजतं, आणि कुजलं की पाण्यात विष उतरतं. मासा गुदमरतो आणि वर येऊन तोंड उघडझाप करतो. तो श्वास शोधत असतो. आण्णांना ती भूक दिसायची. ते कणीक टाकायचे, पाणी आणखी नासायचं, मासे आणखी तोंडं उघडायचे, आणि ते घायकुतीला येऊन आणखी टाकायचे. आपण मगाशीच खायला घातलंय हे त्यांना आठवत नव्हतं. त्या घरात रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक माणूस दया करून करून मासे मारत होता.

ज्योतींनी मला स्वयंपाकघरात नेलं. "पायऱ्यांचं कारण खरं न्हाई, ताई," त्या म्हणाल्या. "आण्णा विसरायला लागलेत. घाटावरून घरी यायचा रस्ता सापडेना गेलाय. दोनदा लोकांनी आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले, एकटं बाहेर जाऊ द्यायचं न्हाई. यांना ते कुणाला सांगावंसं वाटत न्हाई. हेडमास्तर माणूस, गावभर विद्यार्थी. टाकी आल्यापासून सकाळी दाराकडं जात न्हाईत, टाकीकडं जातात. म्हणून मी बी गप्प बसले. कणीक रोज कमी पडायची, दिसत होतं मला." मग हळूच म्हणाल्या, "टाकी गेली तर आण्णा पुन्हा नदीला जातील."

मी भांडण तिथंच सोडलं. निम्मं पाणी बदललं, तळ उपसला, पुन्हा दोन दिवसांनी गेले, पुन्हा बदललं. ज्योतींनी कणीक कपाटात ठेवायला सुरुवात केली. मग आण्णा पोळीचा चुरा टाकायला लागले. पोळी लपवली तर भात. हजेरी रोज घ्यायचे, आणि रोज कोणीतरी कमी. "काळ्या गैरहजर. मिशाळ गैरहजर. निरोप पाठवा त्यांच्या घरी." मेलेला मासा एकदा त्यांनी स्वतः काढला, ओंजळीत धरून बराच वेळ उभे राहिले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. हे विजयरावांना बघवेना. "बास झालं ताई," ते म्हणाले. "हे काय जीव रमवणं हाय? घेऊन जा सगळं."

मी सांगून बघितलं. मी म्हणाले, मासे बदलू, मोठी टाकी लावू, काहीतरी वाट काढू. त्यांनी हात जोडले. तेव्हा उरलेले मासे मी पिशव्यांत भरले आणि खाली आले. गफारभाईंनी रिक्षा चालू ठेवली होती. मी खाली आल्यावर वर बापलेकांत काय बोलणं झालं ते मला माहीत नव्हतं. मासे माझ्या दुकानातल्या मागच्या टाकीत सोडले. बहुतेक सगळे गेले. तांबड्या तेवढा तगला.

गणपती उठून गेले होते. आमच्याकडं पाऊस थांबला होता, पण वर सगळीकडं धो धो चालू होता. त्या दुपारी रस्त्यानं भोंगा लावलेली गाडी फिरत होती : धरणातून पाणी सोडलंय, नदीकाठी कोणी जाऊ नये. मी दुकानात टाकीचा फिल्टर धूत बसले होते. ज्योतींचा फोन आला.

"ताई, आण्णा तुमच्याकडं आलेत का?"

"नाही. का?"

"मी गच्चीवर कपडे काढायला गेले होते. दार उघडं हाय. पोळ्यांची कणीक भिजवून ठेवली होती, परात रिकामी हाय."

माझ्या हातातला फिल्टर खाली पडला. मी शटर अर्धं ओढलं आणि समोरच्या स्टँडवर गफारभाईंना हाक मारली. त्यांनी भाडं बसवलं होतं. माझं तोंड बघून त्यांनी त्या माणसाला उतरवलं. वाटेत ज्योतींना घेतलं. त्यांनी घरातलीच चप्पल घातली होती आणि हाताला अजून पीठ होतं. विजयराव लातूरला. निघाले होते, पण लातूर म्हणजे काय शेजारची गल्ली आहे? दर थोड्या वेळानं त्यांचा फोन येत होता, सापडले का, सापडले का. तिसऱ्या की चौथ्या फोनला ते एकदम म्हणाले, "ज्योती, मीच केलं हे. टाकी नेली तेव्हा आण्णा मासे कुठं गेले म्हणून विचारून राहिले होते. मी म्हणालो, नदीत सोडले, आण्णा, मजेत हायेत. रोज विचारायचे, रोज हेच सांगायचो." 

ज्योतींनी फोन मांडीवर ठेवला.   विजयरावांच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं.

नेहमीच्या घाटावर पोलिसांनी दोरी बांधली होती. दोरीपलीकडं पाणी. रोज जिथं बायका धुणं धुतात त्या पायऱ्या दिसतच नव्हत्या. तांबूस, घट्ट, फेसाळ पाणी, आणि त्यातून अख्खी झाडं वाहत चाललेली. आवाज असा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. हवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, "एक म्हातारबाबा आले होते. मी परत धाडलं त्यांना."

"परत कुठं?"

त्याला माहीत नव्हतं.  गफारभाई हारफुलं विकणाऱ्या बाईशी बोलून धावत आले. "ताई, उदर गए बोलतेत मास्तर. देवळाच्या पिछे. पुराने पायऱ्या हायेत ना, वहां. चला जल्दी."

देवळामागं दोरी नव्हती. दहा-पंधरा अरुंद दगडी पायऱ्या, मधे शेवाळ, त्यावर पुराचा ओला गाळ. आणि खाली, पाण्यापासून दोन पायऱ्या वर, आण्णा बसलेले. पांढरा शर्ट. मांडीवर कणकेचा गोळा, टॉवेलात बांधलेला.

ज्योती हाक मारणार होत्या. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. आण्णा दचकून उठले असते तर गेलेच असते. गफारभाई उतरायला लागले, पहिल्याच पायरीवर त्यांचा पाय सरकला, ते कसेबसे सावरले. मग मी बसले. पदर खोचला, चपला काढल्या, आणि लहान पोर उतरतं तशी बुडावर एकेक पायरी सरकत खाली गेले. या वयात, या वजनाला. मला पोहता येत नाही. आयुष्यभर माशांचा धंदा केला, पण गुडघ्याच्या वर पाण्यात मी कधी गेले नाही. 

त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"आण्णा, कणीक टाकली नाही अजून?"

"टाकणार कुठं?" ते म्हणाले. "पाणी गढूळ आहे. पोरांना दिसायचं नाही. निवळू द्या जरा."

पाणी निवळायला आठ-दहा दिवस लागणार होते. आम्ही बोलत होतो तेवढ्यात खालची पायरी दिसेनाशी झाली. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी झटकला. हात बारीक होता, पण जोर होता. ओढाओढी केली असती तर दोघंही पाण्यात.

"आण्णा, ते मासे नदीत नाहीत. माझ्याकडं आहेत. दुकानात."

"विजय म्हणाला नदीत सोडले."

"तो चुकून म्हणाला. मी नेलेत."

आता त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे एकदम स्वच्छ. शाळेत खोटं बोलणाऱ्या पोराकडं बघावं तसे. "तांबड्या हजर आहे का?"

आता 'सगळे आहेत' म्हणणं फार सोपं होतं. पण एका गोड खोट्यानंच त्यांना इथवर आणलं होतं. "तांबड्या हजर आहे," मी म्हणाले. "बाकीचे गेले, आण्णा."

ते पाण्याकडं बघायला लागले. पाणी आमच्या पायांना लागलं, गार, खरखरीत. वर ज्योती तोंडात पदर धरून उभ्या होत्या. मला वाटलं, चुकलं माझं, खोटंच बोलायला पाहिजे होतं.

मग आण्णा म्हणाले, "आणि तू इथं बसलीस? त्याला कोण खायला घालणार?"

ते उठायला लागले. मी त्यांना उठू दिलं नाही. मी म्हणाले, असंच बसून वर सरकायचं, गाळ आहे. त्यांनी ऐकलं. हेडमास्तर पुढं, मी मागं, दोघं बसूनच एकेक पायरी वर चढलो. गफारभाईंनी वरून हात दिला. वर आल्यावर मी मागं वळून बघितलं. आम्ही बसलो होतो ती पायरी तेव्हा दिसत होती. पुन्हा बघितलं तेव्हा नव्हती. ज्योती आण्णांच्या गळ्यात पडल्या तर ते त्यांना म्हणाले, "शाळा सुटली का?"

सरळ दुकानातच आणलं त्यांना. चिखलानं माखलेले आण्णा, ज्योती आणि मी, आणि मागच्या टाकीत एकटा तांबड्या. विजयराव आले तेव्हा आण्णा टाकीसमोर स्टुलावर बसून डुलकी घेत होते. विजयरावांनी दारातच पाटी बघितली, मग आण्णांकडं बघितलं, आणि भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले.

त्यानंतर विजयराव, ज्योती आणि मी मिळून त्यांच्या घरी पुन्हा टाकी लावली. या वेळी मी मासे माशांसाठी निवडले नाहीत, आण्णांसाठी निवडले. दुकानातली सगळ्यात मोठी टाकी, दोन फिल्टर, आणि मासे मोजकेच : मोली, प्लॅटी, तांबड्या आणि त्याच्या जोडीला दोन माद्या. काटक जात, जड पाण्यातली, दिवसभर शेवाळ आणि पाला टिपत हिंडणारी. उकडलेली पालकाची जुडी काचेला चिमट्यानं लावून ठेवायची. तिला मासे सारखे टोचत राहतात. आण्णांना दिसायचं की पोरं जेवतायत, आणि मग घास घालायची घाई राहायची नाही. कणीक मी बंद केली नाही. ती बंद होणार नाही हे मला कळलं होतं. ज्योती रोज तुरीच्या डाळीएवढ्या बारीक गोळ्या वळून एका डबीत ठेवायच्या. डबी संपली की संपली. आण्णा उघडून बघायचे, रिकामी दिसली की समाधानानं मिटायचे. "आज वाटप झालं."

ते पुन्हा कधी दाराकडं गेले नाहीत. सोर्डटेलला पिल्लं व्हायला वेळ लागत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी मी जायची, तेव्हा ते विचारायचे, "आपण काय करता?" मी म्हणायची, मासे विकते. ते म्हणायचे, "विकत कशाला? आमच्याकडं वर्गात गर्दी झालीय, थोडे घेऊन जा." आणि स्टीलच्या तांब्यात लाल पिल्लं घालून द्यायचे. त्यांच्याच टाकीतली, मीच दिलेली जात, ते मला दान करायचे. ती मी कधी विकली नाहीत. दुकानात गल्ल्याशेजारी त्यांची वेगळी टाकी आहे. गिऱ्हाईक नेमकं तिच्याकडंच बोट दाखवतं.

आणि गिऱ्हाईकाला मी आता पहिलं विचारते ते रंगाचं नाही, पाण्याचंही नाही. विचारते, घरी कोण कोण असतं आणि खायला कोण घालणार. लोकांना वाटतं बाई चौकशीखोर आहे. ते मला आधी कुणी विचारायला शिकवलं असतं तर त्या पायऱ्या उतरायची वेळ आली नसती, असं अजून वाटतं.

आण्णा गेल्या हिवाळ्यात गेले. आपल्या घरी, आपल्या खाटेवर, टाकी समोर दिसेल असं तोंड करून. तेरावा झाल्यावर विजयराव दुकानात आले. हातात डबा होता. स्टुलावर टेकले. मग म्हणाले, "आण्णांच्या नावानं मासोळ्यांना कणीक टाकायची होती. घाटावर गेलो. पायऱ्या उतरवेनात, ताई."

त्यांनी पाटीकडं बघितलं, मग खाली मान घातली. डबा उघडलाच नाही.

मी उठले. गल्ल्याशेजारच्या टाकीचं झाकण स्वतः उचलून बाजूला ठेवलं. म्हणाले, "तुरीच्या डाळीएवढी. जास्त नको."

त्यांनी गोळी वळली. मोठी झाली, मग निम्मी केली. पाण्यात सोडल्यावर सगळे लाल मासे एकदम वर आले.

"घरच्या टाकीतला तांबड्या कोणता, ते मला अजून ओळखू येत न्हाई."

"तो मागच्या वर्षीच गेला. ही सगळी त्याची पोरं. आण्णांच्या हजेरीत रोज कोणी ना कोणी लाल असायचाच, म्हणून तांबड्या रोज हजर."

विजयराव काचेला हात लावून उभे राहिले आणि बोटानं मासे मोजायला लागले. मासे एका जागी थांबेनात, त्यांची मोजणी चुकली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दारात एक गिऱ्हाईक आलं होतं, पाटी वाचत होतं आणि विजयरावांच्या हातातल्या डब्याकडं बघत होतं. त्याला मी जरा बाहेर बसायला सांगितलं.